बोफोर्स म्हटलं की घोटाळाच का आठवतो? (चाळीस मिमीच्या तोफेची गोष्ट)

सांजवारा

मे २०२५ मध्ये टीव्हीवर ड्रोन पाडणाऱ्या तोफांच्या बातम्या चालू होत्या. निवेदकाचं 'एल-७०, एल-७०' चाललं होतं. खालच्या पट्टीत 'बोफोर्स' हा शब्द सरकला आणि बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हीच ना ती सत्त्याऐंशी सालची?"

नाही. सत्त्याऐंशी साली गाजली ती १५५ मिमीची हॉवित्झर. १९८६ साली तशा ४१० तोफांचा करार झाला, दुसऱ्या वर्षी स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली, आणि बोफोर्स हे आपल्याकडे घोटाळ्याचं नाव होऊन बसलं. तिचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. मी म्हणतोय ती तोफ ४० मिमीची. हिचा गोळा जेमतेम ९०० ग्रॅम, म्हणजे किलोच्या साखरेच्या पुडीपेक्षाही हलका. कारखाना मात्र एकच, स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा गावचा. आल्फ्रेड नोबेलने १८९४ साली विकत घेतला तोच.

एल-७० ही धाकटी बहीण, दुसऱ्या महायुद्धानंतरची. खरी गोष्ट थोरलीची, एल-६० ची. स्वीडिश आरमाराने १९२८ च्या सुमारास विमानवेधी तोफेची मागणी नोंदवली. त्यांच्याकडे ब्रिटिश पॉम-पॉम तोफा होत्या. नळीचा व्यास तोच, ४० मिमी, पण गोळा मंद जायचा. नवी तोफ तीसच्या दशकात तयार झाली आणि तिने पॉम-पॉमला मागे टाकलं. गोळ्याचा वेग सेकंदाला साडेआठशे मीटरच्या घरात. मिनिटाला १२० गोळे हा कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात ऐंशी-नव्वद. चार-चार गोळ्यांच्या क्लिपा वरून हाताने टाकत राहायचं. गोळा सुटला की नळीला जो मागे धक्का बसतो, त्याच धक्क्यावर पुढचा गोळा आत जातो. ना मोटर, ना वीज. चार चाकांचा गाडा, वजन दोन-अडीच टन, ट्रकमागे बांधली की निघाली. वेळ पडली तर चाकांवर उभी असतानाच डागायची.

स्वीडन तटस्थ, त्यामुळे गिऱ्हाइकांत भेदभाव नाही. पोलंडने परवाना घेऊन घरी बनवली, हंगेरीनेही. ब्रिटनने १९३७ साली ऑर्डर दिली. जर्मनांनी जिंकलेल्या देशांतून उचलली आणि '४ सेंमी फ्लाक २८' असं बारसं केलं. एकाच दिवशी, एकाच आघाडीवर, दोन्ही बाजूंनी एकाच गावच्या तोफा धडधडतायत असंही झालं असणार.

(नावातली गंमत: एल-६० म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या साठपट असायला हवी. मोजली तर ती सव्वाछप्पन पटच भरते. नावात साठ कसं आलं, यावर जाणकार भांडोत.)

कच्चा लिंबू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या पुढचा भाग.

गणिताच्या बाई

छान लिहिलंय. पण मूळ अडचण राहिली. विमानाकडे तोफ रोखून उपयोग नसतो. विमान आत्ता जिथे आहे तिथे गोळा पोचेपर्यंत ते तिथे नसतं.

एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली मंडळी इथे असतीलच. आपल्यासमोरच्या खिडकीत टाकला की तो मागच्या सीटवर पडतो. तिसरी खिडकी हवी तर दुसरीवर टाकायचा. तोफेचं तेच.

ताशी ३६० किलोमीटर वेगाचं विमान घ्या. म्हणजे सेकंदाला १०० मीटर. अंतर दीड किलोमीटर. गोळा सुटताना साडेआठशेने सुटला तरी हवेत मंदावतो, पोचायला सव्वादोन सेकंद धरा. तेवढ्यात विमान सव्वादोनशे मीटर पुढे गेलं. विमानाची स्वतःची लांबी दहा-अकरा मीटर. म्हणजे नेम विमानाच्या पुढे वीस विमानं सोडून, रिकाम्या आकाशात धरायचा. आणि हे विमान आडवं, सरळ, एका वेगाने जात असेल तर. तुमच्यावर सूर मारत येणारं असेल तर अंतर, उंची, कोन, सगळं दर क्षणाला बदलतं.

आता वेळ किती मिळतो ते बघा. सूर मारणारं विमान सेकंदाला दीडशे मीटरने येतंय, तीन किलोमीटरवर तुमच्या टप्प्यात आलं. डोक्यावर यायला वीस सेकंद. मिनिटाला नव्वदच्या हिशेबाने तीस गोळे. साडेसात क्लिपा, एवढंच भांडवल.

सांजवारा

बाई, रुमाल कायमचा लक्षात राहील.

हाच हिशेब करायला ब्रिटिशांनी पेटी बनवली, केरिसन प्रेडिक्टर. कर्नल केरिसनच्या नावाने. दोघांनी दोन दुर्बिणींतून विमान धरून ठेवायचं, एकाने आडवं, एकाने उभं. पेटीतले दाते आणि चकत्या फिरून पुढचा बिंदू काढायचे आणि विजेच्या मोटरी तोफ तिकडे वळवायच्या. तोफेवरच्या माणसाने फक्त क्लिपा टाकायच्या. संगणक हा शब्द रुळायच्या आधीचा हा संगणकच.

पण पेटी जड, तिला जनरेटर लागतो, केबली लागतात. शहराच्या बंदोबस्ताला ठीक. रोज मुक्काम हलवणाऱ्या पलटणीला ते लटांबर कोण घेऊन फिरणार? शेवटी नॉरफकमधल्या स्टिफकी गावच्या तळावर एक साधी जुळणी निघाली, स्टिफकी स्टिक. नेमाच्या वर्तुळांना जोडलेला एक दांडा. विमान कुठून कुठे चाललंय ते बघून एका माणसाने तो फिरवायचा, वर्तुळं आपोआप पुढे सरकायची. उरलेलं काम सरावाचं. मला प्रेडिक्टरपेक्षा हा दांडा जास्त आवडतो.

खडूस आजोबा

तोफेचं कौतुक पुरे. विमानं पाडली किती ते सांगा. मी जेवढं वाचलंय त्यात दर लढाईनंतर दावे डोंगराएवढे आणि सापडलेले सांगाडे चार. सांताक्रूझच्या लढाईत, ऑक्टोबर १९४२, अमेरिकेच्या साउथ डकोटा या एका युद्धनौकेने २६ विमानं पाडल्याचा दावा केला होता. नंतर तो बराच फुगवलेला निघाला. एकाच विमानावर दहा जण गोळ्या झाडतात आणि दहाही जण आपल्या खात्यावर मांडतात. आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी कोणी जमवली याचा हिशेबही असाच लागतो.

सांजवारा

आजोबा, दाव्यांबद्दल तुमचंच बरोबर. पण 'पाडली किती' हा प्रश्नच अर्धा आहे.

युद्धात ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांवर हलक्या विमानवेधी तोफा बसवल्या. काही काळाने हिशेब काढला तर हल्ला करणाऱ्या विमानांपैकी पडत होती सुमारे ४ टक्के. शंभरात चार! तोफा, गोळे, माणसं, सगळं फुकट जातंय, काढून दुसरीकडे द्या, असा सूर निघाला. मग कोणीतरी प्रश्न फिरवून विचारला, तोफा विमानं पाडायला बसवल्या की जहाज वाचवायला? तो हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की हल्ला झालेल्या जहाजांपैकी तोफा न चालवणारी २५ टक्के बुडाली, चालवणारी १० टक्के. तोफा राहिल्या.

समोरून लाल ठिणग्यांची माळ अंगावर येताना दिसली की वैमानिकाचा हात हलतो. तो बॉम्ब जरा लवकर सोडतो, जरा वरून सोडतो, जरा आधी वळतो. त्या 'जरा'त जहाज वाचतं.

कच्चा लिंबू

म्हणजे दिवाळीचे फटाके लावले असते तरी चाललं असतं की :)

दर्यावर्दी

लिंबूशेठ, तुम्ही विनोद केलात, पण तेही करून झालंय. तोफा कमी पडत होत्या तेव्हा ब्रिटिशांनी लहान जहाजांना हॉलमन प्रोजेक्टर नावाचं यंत्र दिलं. वाफेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोरावर हातबॉम्ब वर फेकणारी नळी. विमानाचं फारसं काही बिघडलं नाही, पण खलाशांनी त्यातून शेजारच्या जहाजावर बटाटे मारण्याचा खेळ काढला.

फटाक्याने वैमानिक एकदा बिचकेल, दोनदा बिचकेल. तिसऱ्यांदा सरळ येईल. भीती टिकायला अधूनमधून एखादं खरोखर पडावं लागतं. शंभरातली ती चार त्यासाठी.

आता तोफा असून न चालण्याचं उदाहरण. १० डिसेंबर १९४१, मलायाच्या किनाऱ्यालगत प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश युद्धनौका. जपानी विमानांनी दोन्ही बुडवल्या. प्रिन्स ऑफ वेल्सवर पॉम-पॉमची बॅटरीच्या बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडीच, होती, पण उष्ण कटिबंधातल्या दमट हवेत तिचा दारूगोळा बिघडला होता. गोळा काडतुसातून सुटा व्हायचा आणि पट्ट्यातच अडकायचा. ऐन हल्ल्यात तोफा थांबत राहिल्या. त्याच जहाजाच्या मागच्या डेकवर बोफोर्स होती, एकुलती एक. ती कुरकुर न करता चालली. एकीने काय होणार म्हणा. जपान्यांची तीन-चार विमानं गेली, ब्रिटिशांची आठशेच्या वर माणसं.

सांजवारा

अमेरिकनांनी हा धडा आधीच घेतला होता. त्यांची स्वतःची १.१ इंची तोफ सारखी अडकायची. १९४० साली त्रिनिदादला एका डच जहाजावर त्यांनी बोफोर्स चालताना पाहिली आणि तीच घ्यायचं ठरवलं. काम आलं क्रायस्लर या मोटार कंपनीकडे. नकाशे हातात पडल्यावर तिथल्या इंजिनिअरांनी डोक्याला हात लावला. मापं मेट्रिक, आणि जागोजागी सूचना: 'जोडताना कानस मारून बसवून घ्यावे.' स्वीडनचा कारागीर एकेक तोफ हाताने जुळवायचा. क्रायस्लरला हजारोंनी काढायच्या होत्या, कुठल्याही तोफेचा भाग कुठल्याही तोफेला बसला पाहिजे असा. सगळे नकाशे इंचांत नव्याने काढले. युद्ध संपेपर्यंत क्रायस्लरने साठ हजारांच्या आसपास तोफा काढल्या.

मला विचाराल तर या तोफेचा निम्मा इतिहास त्या कानशीत आहे. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये अजून ऐकू येतं, 'थोडं घासून बसवून घे रे.' एका मशीनपुरतं ते खपून जातं.

शेवंती

दोन दिवस वाचतेय, युद्धातलं मला फार कळत नाही, तरी थांबवत नाही. या तोफांवर बायका होत्या का? प्रेडिक्टरवर असतील असं उगीच वाटलं.

गणिताच्या बाई

शेवंती, अगदी बरोबर ओळखलंस. ब्रिटनमध्ये मिश्र बॅटऱ्या होत्या, प्रामुख्याने जड तोफांच्या. प्रेडिक्टर, उंची मोजणं, रडार, सगळं बायका करायच्या. फक्त तोफ डागायचं काम पुरुषाचं. गणित तिने मांडायचं आणि उत्तर त्याने वाचून दाखवायचं! चर्चिलची मुलगी मेरीसुद्धा अशाच बॅटरीत होती.

रशियात ही सोय नव्हती. स्टालिनग्राडच्या उत्तरेला २३ ऑगस्ट १९४२ रोजी १०७७ वी विमानवेधी रेजिमेंट होती. त्यात बऱ्याच मुली होत्या, कित्येक नुकत्याच शाळेतून आलेल्या. समोरून विमानांऐवजी जर्मन रणगाडे आले. त्यांनी नळ्या खाली केल्या आणि रणगाड्यांवर मारा सुरू केला. ३७ तोफा एकामागून एक गारद होईपर्यंत लढल्या. ठाण्यांत शिरल्यावर जर्मनांना कळलं की समोर कोण होतं.

पणजीकार

आमच्याकडचं एक. १८ डिसेंबर १९६१. गोवा, दमण, दीव, तिन्हीकडे एकदम कारवाई सुरू झाली. दीवला पोर्तुगीजांची वेगा नावाची लहान गस्ती नौका होती. विमानांवर चालवता येईल असं हत्यार एकच, २० मिमीची ओर्लिकॉन. भारतीय विमानं आली तेव्हा तिचा कमांडर ऑलिव्हेरा इ कार्मू पळाला नाही, त्या एका तोफेने लढला. नौका बुडाली, तोही गेला. राजवट जायलाच हवी होती, आमच्या घरात त्याबद्दल कधी दोन मतं नव्हती. तरी हा माणूस लक्षात राहतो.

दाबोळीला त्याच दिवशी कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनल आणि टॉवरला हात लावायचा नाही असा हुकूम होता. रात्री पोर्तुगीजांनी खड्ड्यांमधून दोन विमानं उडवून कराचीला पळवली. ती कशी उडाली यावर अजून पारावर चर्चा होते.

खडूस आजोबा

धागा दाबोळीला उतरायच्या आत परत फिरवतो.

सांजवारा, तुमचा जहाजांचा हिशेब पटला. मग त्याच्याही पुढचं सांगतो, जिथे हलक्या तोफांनी अख्खी लढाई फिरवली. व्हिएतनाममधलं दिएन बिएन फू, १९५४. फ्रेंचांनी डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात तळ टाकला. रसद सगळी विमानाने. डोंगर शत्रूकडे असले तरी आकाश आपलं, हा त्यांचा हिशेब. फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतमिन्हने त्या डोंगरांवर तोफा तर चढवल्याच, बरोबर ३७ मिमीच्या विमानवेधीही आणल्या. रशियन बनावटीची ही तोफ म्हणजे बोफोर्सच्याच लहान तोफेवरून बेतलेली, तेव्हा कार्ल्सकोगा इथेही आलंच.

हल्ला १३ मार्चला सुरू झाला. महिना संपायच्या आत धावपट्टी बंद पडली. जखमींना न्यायला २८ मार्चला आलेलं विमान परत उडू शकलं नाही, त्यातली नर्स तिथेच अडकली. मग छत्र्यांनी रसद. तोफांमुळे विमानं खाली उतरेनात, वरून टाकलेल्या पेट्या वाऱ्याने भलतीकडे. तळ जसजसा आक्रसला तसतशा फ्रेंचांच्या पेट्या व्हिएतमिन्हच्या खंदकात पडू लागल्या. त्यात तोफांचे गोळेही असायचे, ते परत फ्रेंचांवरच. ७ मेला संपलं.

इथे पाडलेली विमानं मोजूच नका. विमान किती उंचीवर ठेवलं तेवढं मोजा.

सांजवारा

आजोबा, हा वेगळा धागा होण्याच्या लायकीचा प्रतिसाद आहे. आणि परवा मलाच 'पाडली किती' विचारत होतात!

खडूस आजोबा

परवा माझी वेगळी बाजू होती.

दर्यावर्दी

बोफोर्सला मर्यादा कुठे आली तेही यायला हवं. ऑक्टोबर १९४४ पासून जपानी वैमानिक विमानासकट जहाजावर येऊन आदळू लागले. आता वर जे 'हात हलतो' म्हटलंय ते लागूच पडेना. मरायला निघालेल्याला बिचकवणार कसं? त्याचं विमान हवेतच तुकडे करून पाडावं लागतं, आणि ९०० ग्रॅमचा गोळा तेवढं दर वेळी करत नाही. शिवाय ४० मिमीचा गोळा प्रत्यक्ष लागला तरच फुटतो. जवळून जाताना आपोआप फुटणारा रेडिओ फ्यूज अमेरिकनांकडे १९४३ पासून होता, पण तो पाच इंची गोळ्यात मावायचा, या चिमुकल्या गोळ्यात नाही. म्हणून त्यांनी त्या फ्यूजसाठी तीन इंची तोफ काढली. ती येईपर्यंत युद्ध संपलं.

जहाजाच्या पोटात काम करणाऱ्यांना बाहेरचं दिसत नसे, पण आवाजावरून अंतर कळायचं. आधी पाच इंचीचे सुटे धमाके. मग चाळीसचा ठेका. आणि वीस मिमीचा कडकडाट सुरू झाला की हातातलं टाकून जे सापडेल ते घट्ट धरायचं.

आपल्या जुन्या विक्रांतवरही याच ४० मिमीच्या होत्या, १९६१ साली आली तेव्हा सोळा. २०१२ पर्यंत ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, शाळेच्या सहली जायच्या. २०१४ साली मोडीत निघाली. त्या पोलादातलं काही बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत गेलं. कोणाकडे असेल तर जपा, न जाणो टाकीत बोफोर्सचा एखादा तुकडा असायचा.

देवळालीकर

उशिरा आलो. माझे मोठे काका लाइट अ‍ॅक-अ‍ॅकमध्ये हवालदार होते. अ‍ॅक-अ‍ॅक म्हणजे तोफेचा आवाज असं मी लहानपणी समजायचो. तसं नाही. बिनतारीवर अक्षरं स्पष्ट कळावीत म्हणून ब्रिटिश 'ए'ला 'अ‍ॅक' म्हणायचे. अँटी-एअरक्राफ्टची दोन अक्षरं, अ‍ॅक-अ‍ॅक.

आपल्याकडची सुरुवात मुंबईची. सप्टेंबर १९४० मध्ये कुलाब्याला पहिलं विमानवेधी प्रशिक्षण केंद्र निघालं, जानेवारीत कराचीला हललं. स्वातंत्र्यानंतर ही विद्या आमच्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकवली जायची, १९८९ पर्यंत. मग ओडिशात गोपाळपूरला गेली. १९९४ साली तोफखान्यापासून वेगळी होऊन स्वतंत्र शाखा झाली.

पासष्टच्या लढाईत हातात एल-६० च होत्या, रडारशिवाय. काका एवढंच सांगायचे, की कान आधी, डोळे नंतर. आणि क्लिपा टाकणाऱ्याच्या लयीवर सगळं असतं. तो एकदा चुकला की तोफ गप्प, आणि त्या शांततेत विमानाचा आवाज फार मोठा वाटतो. यापुढे बोलायचे नाहीत. चहा मागायचे.

तोफखाना_नगर

नावावरून गैरसमज नको, मी नगरला तोफखान्यात राहतो, तोफांशी संबंध शून्य. पण गेल्या आठवड्यात एका गावी गेलो होतो, तिथल्या चौकात चौथऱ्यावर एक तोफ आहे. हिरवा ऑइलपेंट, दोन्ही बाजूंना बसायच्या लोखंडी बैठका, हाताने फिरवायची चाकं. पाटी नाही. ही तीच का?

सांजवारा

नळीच्या टोकाला कर्ण्यासारखं नरसाळं आहे का? आणि वर क्लिपा टाकायची उभी खाच? असेल तर बहुधा एल-६०. खात्री करायची तर नळी मोजा. ४० मिमी गुणिले सव्वाछप्पन, म्हणजे सव्वादोन मीटर यायला हवी.

तोफखाना_नगर

कर्णा आहे, खाचही आहे, तिच्यात कोणीतरी झेंडूचा हार अडकवलाय. आज मुद्दाम टेप घेऊन गेलो. अडीच मीटरच्या वर भरली.

गणिताच्या बाई

कर्णा सोडून मोजा हो.

तोफखाना_नगर

आता पुढच्या रविवारी. आज वॉचमनने हाकललं.